पांढरा दगड आकाशातून पडला असेल तर: ऑब्राइट ओळखण्यापासून नाव मिळेपर्यंत

२१ जानेवारी २०२४ ला मध्यरात्रीनंतर जर्मनीत बर्लिनच्या पश्चिमेला रिबेक गावाजवळ एक छोटा लघुग्रह फुटला. पडण्याच्या साधारण तीन तास आधी हंगेरीतल्या दुर्बिणीतून तो सापडला होता, त्यामुळे तुकडे कोणत्या शेतांत असणार याचा चांगला अंदाज होता. तरी शोधणाऱ्यांना पहिला तुकडा मिळायला काही दिवस गेले. सगळ्यांची नजर काळ्या दगडासाठी तयार झालेली, आणि हे तुकडे लांबून शेतातल्या साध्या करड्या-पांढऱ्या खड्यासारखे दिसत होते. ती अशनी, म्हणजे आकाशातून पडलेला दगड, ऑब्राइट नावाच्या फिकट, दुर्मीळ जातीची होती.

मी नागपूरला राहतो. २२ मे २०१२ ला दुपारी काटोल परिसरात अशनी पडल्या, तेव्हापासून ओळखीपाळखीचे लोक दगड दाखवायला माझ्याकडे येतात. बरीच वर्षं मी तीन प्रश्नांवर निकाल द्यायचो: लोहचुंबक ओढतो का, वर काळी साल आहे का, हाताला जड लागतो का. काटोलची अशनी एल६ जातीची साधी कॉन्ड्राइट, म्हणजे नेहमी सापडणारी दगडी अशनी, तिला ही चाळण चालते. मग १७ ऑगस्ट २०२२ ला गुजरातच्या बनासकांठा जिल्ह्यात दियोदर तालुक्यातल्या गावांत ऑब्राइट पडला. बातमी वाचली आणि पोटात गोळा आला. तसा दगड कुणी माझ्याकडे आणला असता, तर मी तो "साधा आहे" म्हणून परत दिला असता. त्यानंतर या जातीची जेवढी माहिती मिळवता आली तेवढी मिळवली, प्रयोगशाळेत बसून पातळ काप बघितले, एक दगड स्वतः तपासणीच्या सगळ्या वाटेनं नेला. त्यात ज्या ठिकाणी अडलो ती ठिकाणं तुम्हाला आधीच माहीत असावीत म्हणून हे लिहितोय.

१. आधी समजून घ्या की तुम्ही काय शोधताय

दगडी अशनींचे ढोबळ दोन गट. ज्यांच्यात कॉन्ड्रूल नावाचे बारीक गोल मणी असतात त्या कॉन्ड्राइट, आणि ज्यांचा मूळ पिंड एकदा वितळून पुन्हा घट्ट झाल्यामुळे मणी उरले नाहीत त्या अकॉन्ड्राइट. ऑब्राइट दुसऱ्या गटातला. फ्रान्समधल्या ऑब्र गावी १४ सप्टेंबर १८३६ ला पडलेल्या दगडावरून हे नाव आलं. पडताना पाहिले गेलेले ऑब्राइट जगभरात जेमतेम डझनभर आहेत आणि त्यातले दोन भारतातले: २ डिसेंबर १८५२ ला उत्तर प्रदेशात बस्तीजवळ पडलेला, आणि दियोदरचा. सर्वांत मोठा अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात नॉर्टन काउंटी इथे १८ फेब्रुवारी १९४८ ला पडला. त्याचा एकच तुकडा एक टनाहून जड आहे.

यातलं मुख्य खनिज एन्स्टेटाइट, म्हणजे मॅग्नेशियमचं सिलिकेट. बहुतेक दगड त्याचाच बनलेला असतो, आणि त्या एन्स्टेटाइटमध्ये लोह जवळजवळ नसतं. रंग पांढरा, मळकट पांढरा किंवा फिकट करडा असण्याचं कारण हेच. ज्या जागी हा दगड तयार झाला तिथे ऑक्सिजनची इतकी टंचाई होती की लोहाला ऑक्साइड होऊन सिलिकेटमध्ये शिरताच आलं नाही. एवढंच नाही, पृथ्वीवर ऑक्सिजनला घट्ट धरून बसणारे कॅल्शियम, टायटॅनियम, मँगनीज असे धातूही तिथे गंधकाकडे वळले. कॅल्शियमचं सल्फाइड, म्हणजे ओल्डहॅमाइट, पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बस्तीच्याच अशनीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांच्या नावावरून ते नाव ठेवलं. टायटॅनियम आणि नायट्रोजनचं ऑस्बॉर्नाइटही त्याच दगडात प्रथम सापडलं.

ही रसायनाची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्यांचे निकाल तिच्यावरूनच लागतात.

२. दगड उचलण्यापूर्वी

पडताना कुणी पाहिलं असेल, आवाज ऐकला असेल, तर ती माहिती दगडाइतकीच मोलाची आहे. ऑब्राइटच्या बाबतीत जास्तच, कारण नुसत्या दिसण्यावरून कुणीही ठाम सांगू शकणार नाही. त्याच दिवशी वहीत उतरवा: वेळ, उजेड कोणत्या दिशेनं कोणत्या दिशेला गेला, आवाज किती वेळानं आला, दगड कुठे आणि कशावर आपटला. कौल फुटलं असेल, झाडाची फांदी मोडली असेल, तर ती तशीच ठेवून फोटो काढा. फोटोत दगडाशेजारी रुपयाचं नाणं किंवा मोजपट्टी हवी. मोबाइलवरून अक्षांश-रेखांश टिपून घ्या.

मग स्वच्छ हातमोजे घालून किंवा कोऱ्या ॲल्युमिनियम फॉइलनं दगड उचला, फॉइलमध्येच गुंडाळा आणि हवाबंद पिशवीत ठेवा. सोबत बुटाच्या खोक्यात मिळते तशी सिलिका जेलची पुडी टाका. दगड गरम असेल या भीतीनं त्यावर पाणी ओतू नका. खाली पोचेपर्यंत एवढ्या लहान दगडाचा वेग कमी झालेला असतो आणि आतून तो थंडच असतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. आकाशातून आलेल्या दगडाला आपल्याकडे देव मानतात, पाण्या-दुधानं न्हाऊ घालतात, हळदकुंकू वाहतात. भावना मला कळते. पण ओल्डहॅमाइट पाण्यात टिकत नाही, आणि ऑब्राइटमधली सर्वांत दुर्मीळ खनिजं एका अभिषेकात संपतात. घरच्या वडीलधाऱ्यांना आधीच समजावून सांगा आणि नमस्कार दुरून करा. त्यांना कारण सांगितलं की ते ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

३. डोळ्यांनी बघा, पण काळी साल नाही म्हणून टाकू नका

हवेतून येताना अशनीचा पृष्ठभाग वितळतो आणि त्याची पातळ साल होते. साध्या कॉन्ड्राइटची साल काळी होते ती तिच्यातल्या लोहामुळे. ऑब्राइटमध्ये लोह नसल्यासारखंच, त्यामुळे साल पांढुरकी, पिवळसर, तपकिरी, कधी काचेसारखी अर्धपारदर्शक असते. एकाच तुकड्यावर दोन-तीन छटाही दिसतात. बोट फिरवून नाही, तर भिंगातून तिरप्या उजेडात बघा: गुळगुळीत, किंचित चकाकणारा, बारीक तडे गेलेला थर आहे का? तुटलेल्या कडेवर हा थर किती जाड आहे? मिलिमीटरच्या आत असायला हवा.

तुटलेल्या भागात आत बघा. बहुतेक ऑब्राइट ब्रेशिया असतात, म्हणजे मोठे-लहान कोनेदार तुकडे बारीक चुऱ्यात रुतून बसलेले. पांढरे स्फटिक सपाट पृष्ठांवर चमकतात, कारण एन्स्टेटाइट जवळजवळ काटकोनात फुटतो. मधूनच धातूचा ठिपका, तपकिरी दाणा दिसतो. हा दगड हातात ठिसूळ लागतो, कडेचे दाणे गळतात. ते दाणे फेकू नका, पुडीत बांधा.

आपल्या भागात सर्वांत जास्त फसवणारे दगड म्हणजे गारगोटी, बेसाल्टच्या पोकळ्यांतून निघणारी झिओलाइट आणि कॅल्साइट ही पांढरी खनिजं, चुनखडी, आणि भट्टीतला मळ. गारगोटी शंखासारखी गोलसर फुटते, सपाट पृष्ठांवर नाही, आणि काचेवर सहज ओरखडा काढते. बुडबुड्यांच्या पोकळ्या दिसल्या तर बहुधा भट्टीचा मळ आहे.

४. चुंबक: इथेच माझी चाळण फाटकी होती

ऑब्राइटमध्ये धातू फार थोडा आणि विखुरलेला असतो. एका बाजूला चुंबक अजिबात हलणार नाही, दुसऱ्या बाजूला धातूची गाठ असेल तर टचकन चिकटेल. नॉर्टन काउंटीच्या दगडात चांगल्या मोठ्या धातूच्या गाठी सापडल्या आहेत. तेव्हा "ओढत नाही, म्हणजे अशनी नाही" हे वाक्य विसरा.

दुसरा धोका असा की हल्ली ऑनलाइन मिळणारे निओडिमियम चुंबक इतके ताकदवान असतात की दगडात कोट्यवधी वर्षं जपलेली मूळ चुंबकीय नोंद ते एका स्पर्शात पुसून टाकतात. पडताना पाहिलेला ताजा दगड असेल तर त्याला चुंबक लावूच नका. शेतात नुसता सापडलेला असेल तर गळून पडलेल्या दाण्यांवर तपासा, मुख्य तुकड्यावर नाही.

५. घनता घरीच मोजा, आणि आलेला आकडा माना

ऑब्राइटची घनता साधारण ३.१ ते ३.२ च्या आसपास येते (दर घन सेंटिमीटरला इतके ग्रॅम). गारगोटी २.६५, कॅल्साइट २.७१, आपला दख्खनचा बेसाल्ट २.८ ते ३. नेहमीची रीत दगड पाण्यात बुडवण्याची, पण इथे पाणी वर्ज्य. मी राजगिरा वापरतो. स्टीलची छोटी वाटी राजगिऱ्यानं काठोकाठ भरा, पट्टीनं सपाट करा, तो राजगिरा मोजनळीत ओतून आकारमान लिहा. मग फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलेला दगड वाटीत ठेवून पुन्हा राजगिऱ्यानं भरा, दरवेळी तेवढ्याच वेळा वाटी आपटून दाणे बसवा. दोन मापांतला फरक म्हणजे दगडाचं आकारमान. वजनाला त्यानं भागा. पाच वेळा करून सरासरी घ्या. दगड लिंबाएवढा किंवा मोठा असेल तर २.७ आणि ३.२ मधला फरक या रीतीनं नक्की कळतो.

वर म्हटलं तो एक दगड मी सगळ्या वाटेनं नेला. पांढरा, कोनेदार, एका बाजूला चकचकीत थर. घनता २.७ आली. मला ती पटली नाही, "माझ्या मोजण्यात चूक असेल" म्हणून पुढे गेलो. लेझरच्या उजेडानं खनिज ओळखण्याच्या चाचणीत, म्हणजे रामन वर्णपटात, एन्स्टेटाइटच्या जवळच्या रेषा आल्या तेव्हा आठवडाभर झोप लागली नाही. पातळ काप बघितल्यावर उलगडा झाला: अतिशय बारीक, एकसारखे दाणे आणि त्यांच्यामध्ये काच. तो जुन्या विजेच्या उपकरणातल्या स्टिअटाइट इन्सुलेटरचा तुकडा होता. शंखजिरं भाजून हे इन्सुलेटर बनवतात, आणि भाजल्यावर शंखजिऱ्याचं एन्स्टेटाइटच्याच घराण्यातलं खनिज होतं. जुन्या शेगड्या, फ्यूज, हीटर यांचे तुकडे उकिरड्यावर आणि शेतात सर्रास असतात. घनतेचा आकडा पहिल्याच दिवशी मानला असता, तर माझे तीन महिने आणि प्रयोगशाळेतल्या माणसांचा वेळ वाचला असता.

६. वास आणि पाणी

ओल्डहॅमाइटला ओलावा लागला की हायड्रोजन सल्फाइड सुटतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. म्हणून काही जण सल्ला देतात की थेंबभर पाणी टाकून वास घ्या. हे करू नका. पोलाद भट्टीच्या मळातही कॅल्शियम सल्फाइड असतं आणि त्यालाही हाच वास येतो, त्यामुळे सिद्ध काहीच होत नाही आणि नमुना मात्र बिघडतो.

काप करतानाही तेच. शिकण्यासाठी मी एका ताज्या ऑब्राइटचा बोटाच्या पेराएवढा तुकडा विकत घेतला होता. नेहमीच्या सवयीनं तो पाण्याच्या धारेखालच्या करवतीवर धरला. खोलीभर वास पसरला, आणि कापलेल्या तोंडावर जिथे तपकिरी दाणे होते तिथे रिकामे खड्डे उरले. काप करणाऱ्याला आधी लेखी सांगा: पाणी नको, कापताना आणि घासताना शुद्ध अल्कोहोल किंवा पाणीविरहित तेल वापरा. बहुतेक कारागीर सवयीनं पाणीच सुरू करतात, म्हणून शक्य असेल तर स्वतः समोर उभे राहा.

७. कुणाकडे न्यायचं आणि सोबत काय न्यायचं

भारतात पडलेल्या अशनी जमा करून सांभाळण्याचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. त्यांचा राष्ट्रीय संग्रह कोलकात्यात आहे, मध्य विभागाचं कार्यालय नागपुरात आणि एक कार्यालय पुण्यातही. दियोदरच्या अशनीचा अभ्यास अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेनं केला. काटोलच्या अशनीवर आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी काम केलं आहे. नुकताच पडलेला दगड असेल तर आधी तलाठी किंवा पोलीस पाटलांना कळवा आणि पंचनामा करून घ्या.

न्यायच्या गोष्टी:
- दगड आणि गळालेले सगळे दाणे, वेगवेगळ्या पुड्यांत
- जागेचे फोटो, अक्षांश-रेखांश, सापडल्याची तारीख
- साक्षीदारांची टिपणं, त्यांच्याच शब्दांत
- पंचनाम्याची प्रत आणि जमीनमालकाचं संमतीपत्र
- दगडाला आजवर काय काय लागलं त्याची यादी: पाणी, चुंबक, हात, तेल, कुंकू

शेवटची यादी लपवू नका, ती तपासणाऱ्याला सगळ्यात उपयोगी पडते. आणि दगड दिल्यावर वजन लिहिलेली, सहीशिक्क्याची पोच घ्या. एका ठिकाणी मी पोच न घेता नमुना ठेवून आलो होतो आणि तो शोधायला दोन महिने लागले.

घाई कशाची? ताज्या अशनीत वैश्विक किरणांच्या माऱ्यानं तयार झालेले किरणोत्सारी अणू असतात. व्हॅनेडियम-४८ सोळा दिवसांत निम्मं होतं, बेरिलियम-७ त्रेपन्न दिवसांत, सोडियम-२२ अडीच वर्षांच्या वर. गॅमा किरण मोजणाऱ्या यंत्रात दगड न फोडता हे दिसतात आणि "हा नुकताच अवकाशातून आला" याचा पक्का पुरावा मिळतो. पहिल्या आठवड्यात दिलात तर तिन्ही दिसू शकतील, सहा महिने कपाटात ठेवलात तर पहिलं गेलेलं असेल.

८. प्रयोगशाळेत काय बघतात

पहिला टप्पा तीस मायक्रॉन जाडीचा पातळ काप, ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली. एन्स्टेटाइट करडा-पांढरा, फार तर फिकट पिवळा दिसतो. गारगोटीही करडी-पांढरी दिसते, पण तिला फुटीच्या सरळ रेषा नसतात. काप बघायला मिळाला तर ती संधी सोडू नका.

दुसरा टप्पा इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब, म्हणजे खनिजाच्या एकेका ठिपक्यात कोणतं मूलद्रव्य किती ते मोजणारं यंत्र, आणि खरा निकाल इथे लागतो. पायरॉक्सीनमध्ये (एन्स्टेटाइट याच खनिजगटातलं) लोहाचा वाटा किती, हा प्रश्न. साध्या कॉन्ड्राइटमध्ये तो रेणूंच्या हिशेबानं साधारण १५ ते २६ टक्के असतो. डायोजेनाइट नावाच्या दुसऱ्या अकॉन्ड्राइटमध्येही मुख्य खनिज पायरॉक्सीनच, पण त्यातही लोह २० टक्क्यांच्या वर. बंगालमधल्या शालका इथे १८५० मध्ये पडलेली अशनी त्या जातीची. ऑब्राइटमध्ये हा आकडा एक टक्क्याच्याही खाली, अनेकदा शून्याच्या जवळ. मग उरतात एन्स्टेटाइट कॉन्ड्राइट, त्यांच्यातही लोह असंच कमी. फरक दोन: त्यांच्यात कॉन्ड्रूल असतात आणि धातू भरपूर असतो.

त्यानंतर धातू आणि सल्फाइड तपासतात. ऑब्राइटच्या निकेल-लोहात थोडं सिलिकॉन विरघळलेलं सापडतं. ऑक्सिजनची टंचाई असल्याशिवाय हे होत नाही. ओल्डहॅमाइट, डॉब्रेलाइट (लोह-क्रोमियमचं सल्फाइड), मँगनीजचं सल्फाइड हे सोबती मिळाले की शंका जवळजवळ मिटते.

आता ऑक्सिजनच्या समस्थानिकांबद्दल, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या ऑक्सिजन अणूंच्या प्रमाणाबद्दल. इतर अनेक अशनींमध्ये ही चाचणी हुकमी असते, कारण त्यांचे आकडे आलेखावर पृथ्वीच्या दगडांच्या रेषेवर बसत नाहीत. ऑब्राइटचे मात्र अगदी पृथ्वीच्याच रेषेवर बसतात. एन्स्टेटाइट कॉन्ड्राइटचंही तसंच. म्हणजे चुंबकानं नाही म्हटलं, काळी साल नाही, आणि महागड्या चाचणीनंही "पृथ्वीसारखा" असं उत्तर दिलं, तरी दगड ऑब्राइट असू शकतो. अहवालात ही एवढीच ओळ असेल तर नाउमेद होऊ नका. खनिजांचे आकडे मागा.

९. नाव मिळणं

जगभरातल्या अशनींना अधिकृत नाव देण्याचं काम मेटिऑरिटिकल सोसायटीची नामकरण समिती करते. अर्ज तपासणारे संशोधक करतात, तुम्ही नाही. पण नमुन्याचा ठरावीक भाग, एकूण वजनाच्या २० टक्के किंवा २० ग्रॅम यातला जो कमी असेल तो, मान्यताप्राप्त संग्रहात कायमचा ठेवावा लागतो हे आधीच मान्य करा. नाव जवळच्या ठिकाणावरून पडतं, सापडणाऱ्याच्या नावावरून नाही. दियोदरच्या बाबतीतही तालुक्याचं नाव लागलं.

या काळात कुणी "कोटींची किंमत आहे, आधी तपासणीचे पैसे भरा" म्हणून फोन करेल. तांदूळ ओढणाऱ्या भांड्यांच्या नावाखाली जी टोळकी लोकांना लुबाडतात, तीच अशनीच्या नावानंही फिरतात. संशोधन संस्था असे फोन करून आगाऊ रक्कम मागत नाहीत. असा फोन आला तर नंबर टिपून पोलिसांकडे द्या.

सध्या माझ्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत चार फिकट दगड आहेत, पूर्वी "साधा आहे" म्हणून परत दिलेले आणि पुन्हा मागवून घेतलेले. त्यातल्या दोन दगडांची घनता ३ च्या वर आली आहे. त्यांचे काप अल्कोहोलवर करून मिळायला पुढच्या महिन्यातली तारीख मिळाली आहे.